शेवटच्या परिच्छेदावरून

इंदू,

तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. प्राचार्यबाईंनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, दोन्ही वेळा मी मान खाली घातली. मग त्यांनीच तुझं जन्मसाल, पदव्या, नोकरीची वर्षं कागदावरून वाचून दाखवली. त्यातलं एक साल चुकलं. तू असतीस तर तिथल्या तिथे उभी राहून दुरुस्त केलं असतंस. शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहायचं होतं, तर मी समोरच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. लोकांना वाटलं, बाई फार हलल्या आहेत. खरं सांगते, मी दमले होते. तीन आठवडे कॉलेज, धंतोलीचा दवाखाना, घर, पुन्हा दवाखाना. अजूनही दमलेलीच आहे. रडायला बसलं तर मध्येच डोळा लागतो.

तू गेलीस हे मी कुणाला सांगत नाही. सगळ्यांना माहीतच आहे. तुला मात्र काही सांगायचं राहिलं आहे, आणि ते सांगायला मी तीन आठवड्यांत रोज येत होते.

आपली पहिली भेट आठवते? एम.एस्सी.चं पहिलं वर्ष, अख्ख्या वर्गात आपण दोघीच मुली. म्हणून सरळ एकाच टेबलावर बसवलं. वर्णपटमापकाचा स्क्रू घट्ट बसला होता. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, ‘‘तुले हा ढिला करता येते का वं? माह्या हातात ताकद नाही.’’ लहानपणी सांध्यांचा ताप आला होता आणि तो हृदयाच्या झडपेवर गेला, हे तू मला त्याच दिवशी सांगून टाकलंस, ‘आमच्या उमरेडचं पाणी जड आहे’ असं सांगावं तितक्या सहज. मी घाबरले. तू म्हणालीस, ‘‘घाबरू नको, आज नाही मरत.’’

आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आलीस तेव्हा आईनं विचारलं, ‘‘भात वाढू?’’ तू म्हणालीस, ‘‘नको, मले पुरे झाला.’’ आई हसली. वाईट मनानं नाही, पण हसली. आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीत, सगळ्यांचं मराठी इस्त्री केलेलं. तू जेवण संपवलंस, ताट उचललंस, हात धुतलेस, आणि निघताना म्हणालीस, ‘‘काकू, मी वर्गात ‘मला’ म्हणते. घरी ‘मले’ म्हणते. तुमच्याकडे मी घर समजून आली होती.’’ आईचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या डब्यात तुझ्यासाठी वेगळी कोथिंबिरीची सांबारवडी दिली, आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं देत राहिली. तू त्या बदल्यात भिवापुरी मिरचीचा ठेचा आणायचीस. आईला तो सोसायचा नाही, पण ती खायची.

तुला समोरच्याला असं एका वाक्यात जागेवर आणता यायचं. मला ते कधी जमलं नाही. मला गप्प बसता येतं.

नोकरीही आपल्याला एकाच कॉलेजात लागली. आणि दोघींनी पीएच.डी.साठी नावं घातली ती एकाच सरांकडे. सरांनी एक दिवस परदेशी नियतकालिकातला एक नकाशा आपल्यापुढे ठेवला. उपग्रहावरच्या यंत्रानं गॅमा किरणांत टिपलेलं आकाश. मधोमध आकाशगंगेचा उजळ पट्टा, आणि त्यात इथे-तिथे थोडे ठळक ठिपके. ठिपके म्हणजे वेगळे ओळखू येणारे उगम. बाकीचा पट्टा मात्र सलग, दूध सांडल्यासारखा. सर म्हणाले, हा सलग उजेड कुठून येतो, यावर काम करा.

लोकांना वाटायचं आपण रात्री गच्चीवर जाऊन तारे बघतो. शेजारच्या मावशी मला विचारायच्या, शनी कधी दिसेल गं? आपण एकदाही काही पाहिलं नाही. गॅमा किरण हवेतून खाली उतरतच नाहीत. आपलं सगळं काम भर दुपारचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत, रिकाम्या विभागात, वाळ्याचा कूलर घरघरतोय, तू नकाशावर ट्रेसिंगचा कागद ठेवून चौकोन आखते आहेस आणि मी हातानं फिरवायच्या गणकयंत्राचा दांडा फिरवते आहे. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. कागदावर घामाचा थेंब पडला की तू म्हणायचीस, ‘‘हा घे, नवीन उगम सापडला.’’

आणि भांडण. किती वर्षं भांडलो आपण!

माझं म्हणणं साधं होतं. आकाशगंगेत वायू पसरलेला आहे, त्याच्यावर विश्वकिरणांचे कण आदळतात, त्यातून गॅमा किरण निघतात. वायू सलग, म्हणून उजेडही सलग. संपलं.

‘‘संपलं काहून?’’ तू विचारायचीस. ‘‘हे ठिपके दिसतात ते जवळचे नाहीतर फार तेजस्वी. दूरचे, मंद असतील ते कुठं गेले?’’

‘‘असतील थोडे.’’

‘‘थोडे कोणी मोजले? यंत्राची नजर कमजोर. चार-पाच चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढ्या जागेतलं त्याले सगळं एकच दिसते. शंभर मंद उगम एकमेकांत मिसळले तर तू त्यांनाही वायूच म्हणशील.’’

‘‘मग वायूचा उजेड वजा कर आणि उरेल ते तुझं.’’

‘‘वायू किती हे तरी कोणाले धड माहीत आहे? वजाबाकी नाही करायची, सुलभा. जे दिसतात त्यांच्यावरून न दिसणाऱ्यांचा अंदाज बांधायचा.’’

मी चिडायचे, कारण तुझं बोलणं घरगुती असायचं आणि मुद्दा बिनतोड. एकदा मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी तू डबा उघडून माझ्यापुढे सरकवलास आणि म्हणालीस, ‘‘आकाशगंगा कुठं जात नाही. जेव.’’

शेवटी लेख तयार झाला. वायूचा भाग माझा, न दिसणाऱ्या उगमांचा भाग तुझा. मी माझ्या पद्धतीनं तुझ्या भागाचीही गणना केली होती आणि तो वाटा अगदी किरकोळ येत होता. तुझ्या गणनेत तो बराच मोठा येऊ शकत होता. ‘येऊ शकत होता’ एवढंच तू म्हणत होतीस. शेवटचा परिच्छेद तू लिहिला होतास: हा वाटा किती ते आज सांगता येत नाही, पण तो सोडून देता येणार नाही, मोजायलाच हवा.

सरांनी आपल्याला खोलीत बोलावलं. तो परिच्छेद त्यांनी लाल पेन्सिलीनं खोडला होता आणि खाली एक ओळ लिहिली होती: न दिसणाऱ्या उगमांचा वाटा दुर्लक्षणीय आहे. लेख इंग्रजीत होता, पण त्या शब्दाचं मराठी आपण मनात तिथेच केलं.

‘‘एका लेखात दोन निष्कर्ष चालत नाहीत,’’ सर म्हणाले. ‘‘ही ओळ मान्य असेल तर तिघांची नावं जातील.’’

तू उभीच होतीस. ‘‘सर, मी असं नाही लिहू शकत. जे मोजलं नाही ते दुर्लक्षणीय कसं?’’

‘‘सुलभाबाईंनी मोजलं आहे.’’

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. मी काही बोलेन म्हणून वाट पाहिल्यासारखं. मी टेबलावरच्या काचेखाली सरकवलेलं रेल्वेचं वेळापत्रक वाचत राहिले. वर्ध्याला कोणती गाडी थांबते ते आजही मला पाठ आहे.

‘‘मग माझं नाव काढा,’’ तू म्हणालीस आणि नमस्कार करून बाहेर गेलीस.

जिन्याच्या मधल्या पायरीवर तू दम खायला थांबली होतीस. मी तुझी पिशवी घेतली. मला काहीतरी बोलायचं होतं. तूच बोललीस, ‘‘तू बोलली असती तरी त्यानं ऐकलं नसतं.’’ मी ते वाक्य किती वर्षं माफी म्हणून सांभाळलं! तू फक्त माझी अडचण सोडवत होतीस, जिन्यात उभं राहून, धापा टाकत.

लेख छापून आला, सरांचं नाव आणि माझं. शेवटी बारीक अक्षरांत, गणनेत मदत केल्याबद्दल तुझे आभार. स्टाफरूममध्ये मी तुला त्याची प्रत दिली. तू ती उभ्याउभ्याच चाळलीस, आभारांपर्यंत गेलीस, मिटलीस. म्हणालीस, ‘‘छपाई छान आहे.’’ आणि खडूचा डबा घेऊन वर्गावर गेलीस.

त्या लेखावर मला पदवी मिळाली. तू नोंदणी रद्द करून घेतलीस, कारण लिहिलंस प्रकृतीचं. सगळ्यांनी मानलं, मीही मानलं. मानणं सोयीचं होतं.

तू बोलणं टाकलं असतंस तर बरं झालं असतं. तसं काही केलं नाहीस. डबा एकत्रच राहिला. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात तू पंधरा दिवस उमरेडला गेली नाहीस, तिच्या पायाशी बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचीस, आणि आई मुद्दाम म्हणायची, ‘‘इंदू, मले पाणी दे.’’ तुम्ही दोघी हसायचात. फक्त तो एक विषय तू उचलून बाजूला ठेवलास. मी कधी नवीन लेख घेऊन आले की म्हणायचीस, ‘‘तुह्यं काम आहे ते, तू वाच.’’ मग मीही आणेनाशी झाले. पुढे मीही ते काम सोडलं. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला ते करताच येत नव्हतं, हे मला उशिरा कळलं.

यंदा तुझा दम वाढला. वरच्या मजल्यावरचे तास तू खाली मागून घेतलेस. पाय सुजायला लागले तेव्हा मी तुला रिक्षात घालून धंतोलीला नेलं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की झडप आता फार थकली आहे. मी आत आले तर तू म्हणालीस, ‘‘तोंड पाहून समजलं. बस इथं.’’ खोलीतल्या दुसऱ्या खाटेवर हिंगणघाटची एक म्हातारी होती, तिला तू दुसऱ्या दिवसापासून ‘आजी’ म्हणायला लागलीस आणि तिच्या सुनेला माझ्याकडून संत्री द्यायला लावायचीस.

दुसऱ्या आठवड्यात तू अचानक म्हणालीस, ‘‘त्या नव्या उपग्रहाची यादी छापून आली म्हणे. आणशील का वं?’’

मी दाराकडे पाहिलं. मला वाटलं, तू दुसऱ्या कुणाशी बोलते आहेस.

यादी आणली. वीस-पंचवीस उगम, बहुतेक त्या पट्ट्यातलेच, आणि त्यांतले बरेचसे कशाचे आहेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तुला पेन्सिल धरवत नव्हती. तू डोळे मिटून सांगायचीस, मी लिहायचे. मध्ये मध्ये थांबावं लागायचं. तीन दिवस आपण असं काम केलं, आणि इंदू, तुझ्या पायांची सूज दिसत असताना मी त्या तीन दिवसांत सुखी होते.

तिसऱ्या दिवशी तू विचारलंस, ‘‘तेव्हा तू कुठं कापलं होतं?’’

मला प्रश्न लगेच कळला. इतक्या वर्षांत कुणीही तो विचारला नव्हता. न दिसणारे उगम धरताना ते किती मंद असू शकतात, याला कुठेतरी खालची मर्यादा घालावी लागते.

‘‘दिसलेल्यांतला जो सगळ्यात मंद, त्याच्यावर,’’ मी म्हणाले.

तू डोळे उघडलेस. ‘‘म्हणजे त्याच्याहून मंद जे काही, ते नाहीच असं धरलं. आणि मग मोजलं न दिसणारं किती ते.’’ तुला हसू आलं आणि हसण्यानं दम लागला. मी पाठीवर हात फिरवला.

‘‘सरांनी तिथे कापायला सांगितलं होतं,’’ मी म्हणाले.

‘‘आणि तुले काय वाटलं होतं?’’

तेवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली. आजीच्या सुनेनं पडदा ओढला. मी बाहेर व्हरांड्यात उभी राहिले, आणि आत परत आले तेव्हा तुला गुंगी आली होती. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही तुला सांगायचं होतं.

पुढच्या दोन दुपारी मी घरी बसून ते सगळं पुन्हा केलं. मर्यादा एकदा खाली नेली, मग आणखी खाली. उत्तर किरकोळपासून भल्यामोठ्यापर्यंत कुठेही जात होतं. म्हणजे तू जे लिहिलं होतंस तेच. मला अजूनही वाटतं की त्या पट्ट्यातला बहुतेक उजेड वायूचाच निघेल, आणि यावर मी तुझ्याशी आणखी दहा वर्षं भांडायला तयार आहे. पण ‘दुर्लक्षणीय’ हा शब्द लिहायला मला काहीही आधार नव्हता. कागदांवर सगळं नीट उतरवून मी गुरुवारी दुपारचे तास संपवून येणार होते. सकाळी दुसरा तास चालू असताना कॉलेजच्या कार्यालयातला शिपाई वर्गाच्या दारात आला. दवाखान्यातून फोन आला होता. कागद माझ्या पर्समध्येच होते.

तेराव्याला उमरेडला गेले. तुझे थोरले भाऊ, नामदेवभाऊ, एसटी स्टँडवर घ्यायला आले होते. त्यांच्या घरातला हातमाग तेरा दिवस बंद होता. जेवणं झाली, पाहुणे पांगले, तेव्हा ते माझ्यासमोर येऊन बसले.

‘‘बाई, एक इचारू का? इंदू इतके वर्षं काय करून राहिली होती, मले कधी समजलं नाही. लोकं इचारतात तं मी सांगतो, मास्तरीण होती. तुमी सांगा बरं.’’

मी सांगितलं. आकाशगंगेचा पट्टा, ठिपके, सलग उजेड.

ते लक्ष देऊन ऐकत होते. ‘‘म्हणजे दुरून गाव दिसते तसं,’’ ते म्हणाले. ‘‘एकच उजेड दिसते, पण दिवे घरोघरचे येगळे.’’

‘‘हो. आणि त्यावर धुकं असतं, तेही उजळतं. माझं म्हणणं होतं सगळा उजेड धुक्याचा. इंदूचं म्हणणं होतं, दिवे किती ते मोजल्याशिवाय असं बोलू नये.’’

‘‘मग कोण बरोबर निंगालं?’’

इथे मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही. लेख, लाल पेन्सिल, तुझं नाव, माझं गप्प बसणं, सगळं सांगितलं. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

 नामदेवभाऊ म्हणाले, ‘‘ते आमाले मालूम हाये. दिवाळीले आली होती तवा सांगितलं तिनं. म्हणे, सुलभा चुकली नाही, भेली.’’

मला पाणी हवं होतं, पण मागवेना. वहिनींनीच आणून दिलं.

‘‘तुमी तिले हे कधी बोलल्या नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘काहून?’’

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.  ते उठले, मागावरची चादर सारखी केली, परत येऊन बसले.

‘‘त्या पुस्तकात आता तिचं नाव छापतील का?’’

मी म्हणाले, पत्र लिहिते, पण इतक्या वर्षांनी छापतील असं वाटत नाही.

‘‘मग जिथं छापतील तिथं लिहा. आपल्या भाषेत लिहा. इथं लोकं वाचतील.’’

नियतकालिकाला पत्र गेलं आहे, सोबत नवी गणना, तुझं नाव आधी आणि माझं नंतर. सरांनाही कळवलं. ते निवृत्त होऊन मुलाकडे राहतात. त्यांचं कार्ड आलं: जुन्या गोष्टी उकरू नयेत, तब्येतीची काळजी घ्या.

म्हणून हे मराठीत लिहिलं. उमरेडला जे कुणी वाचतील त्यांच्यासाठी सरळ सांगते. आकाशगंगेच्या त्या उजेडात मंद, न दिसणाऱ्या उगमांचा वाटा किती, हे आज जगात कुणालाही नक्की माहीत नाही. तो दुर्लक्षणीय आहे असं माझ्या नावानं छापलं गेलं, ते खरं मोजून नव्हे. तो मोजायलाच हवा असं तुमच्या गावच्या इंदूनं लिहिलं होतं, आणि ते बरोबर होतं.

आणि इंदू, मला काय वाटलं होतं असं तू दवाखान्यात विचारलंस, त्याचं उत्तर. तिथे कापायला काही आधार नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.